उघडत्या टपाची कॅम्पर व्हॅन : रस्त्याला लागण्यापूर्वी

बेळगावहून जांबोटी-कणकुंबीमार्गे चोर्ला घाटाकडे किंवा शिनोळी-चंदगडमार्गे आंबोलीकडे कॅम्पर व्हॅन (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) नेणाऱ्याने ब्रेक आणि टायर ज्या काळजीने तपासावेत, त्याच काळजीने वर उचलला जाणारा टपही तपासला पाहिजे. मुक्कामी त्यामुळे आत उभे राहता येते, वर झोपता येते. पण गाडी धावू लागली की वाऱ्याचा मारा त्याच टपावर होतो आणि त्याला धरून ठेवण्याचे काम मोजक्या कड्या किंवा पट्टेच करीत असतात.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी ४० किलोमीटरला जेवढा असतो त्याच्या चौपट तो ८० ला होतो. टपावरून हवा वेगाने सरकताना वरचा दाब कमी होतो, आणि एखादी खिडकी उघडी असेल तर आतला दाब वाढून टप खालून ढकललाही जातो. अनेक गाड्यांत टप उचलणारे गॅस स्ट्रट, म्हणजे दाबलेल्या वायूवर चालणारे दांडे, बंद अवस्थेतही त्याला वर रेटत असतात. हा सगळा ताण कड्यांवर येतो. बिजागरी पुढे असून मागची बाजू उघडणारी असेल, तर समोरचा वारा निदान थेट फटीत शिरत नाही. बिजागरी मागे असून पुढची कड उघडणारी असेल, तर कडी सुटताच वारा आत घुसतो आणि टप उखडून मागच्या वाहनावर जाऊ शकतो. अशा गाडीच्या पुढच्या कड्यांबाबत यत्किंचितही तडजोड करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

टप खाली घेण्यापूर्वी वरची गादी, पांघरुणे आणि शिडी ठरलेल्या जागी ठेवावीत, कारण जाड अंथरूण मध्ये आले तर टप बसल्यासारखा दिसतो, परंतु कडी अर्धवटच अडकते. एक दरवाजा उघडा ठेवावा. सर्व दारे-खिडक्या बंद असताना टप खाली ओढला, तर आतली हवा टप आणि बॉडी यांना जोडणाऱ्या कॅनव्हासला बाहेर फुगवते आणि कापड कडेत चेपते. कापड चारही बाजूंनी हाताने आत घ्यावे. नंतर प्रत्येक कडी शेवटपर्यंत बसवून, पट्टा असल्यास तो ताणून, उरलेले टोक खोचून ठेवावे. बाहेर येऊन टप आणि बॉडी यांच्यातील फट सगळीकडे सारखी आहे का ते पाहावे, मग आतून दोन्ही तळहातांनी टप जोराने वर ढकलून पाहावा. ही तपासणी टप बंद करणाऱ्याने नव्हे, तर सोबतच्या दुसऱ्या व्यक्तीने केलेली अधिक चांगली, कारण स्वतःच्या हातून झालेल्या कामावर आपली नजर सहज घसरून जाते.

टप वर असेपर्यंत स्टिअरिंगला लाल फडके बांधून ठेवावे. कडी सुटी असताना चावी फिरवली की वाजणारा बझर चांगला इलेक्ट्रिशियन बसवून देतो. तोही जरूर बसवावा. गाडी चालू असताना वरच्या बिछान्यावर कोणालाही, विशेषतः मुलांना, बसू किंवा झोपू देऊ नये.

निघाल्यावर काही किलोमीटरनंतर एकदा थांबून कड्या पुन्हा पाहाव्यात, कारण खाचखळगे आणि गतिरोधक यांच्या हादऱ्यांनी सैल कडी सरकते. निपाणीहून बेळगावकडे येताना तवंदी घाट चढण्यापूर्वीचा थांबा यासाठी सोयीचा आहे. राष्ट्रीय महामार्ग ४८ वर मोठा कंटेनर शेजारून गेला की हवेचा झटका बसतो. तेव्हा खिडक्या बंद आणि वेग आवरता असावा. मुक्कामात मे महिन्यातील वळवाचा वारा सुटण्याची चिन्हे दिसताच वर झोपलेल्यांना खाली घेऊन टप उतरवावा. कापड ओले असताना बंद करावे लागले, तर पहिल्या उघडिपीला टप उघडून ते वाळवावे, नाहीतर बुरशी धरते आणि शिवण कुजते.

धावत्या गाडीत टप फडफडू लागला किंवा अचानक वाऱ्याचा आवाज वाढला, तर ब्रेक जोरात दाबू नये. ॲक्सिलरेटर सोडावा, चारही इंडिकेटर लावावेत, खिडक्या बंद कराव्यात आणि हळूहळू डाव्या कडेला थांबावे. चालत्या गाडीत कोणीही हाताने टप धरण्याचा प्रयत्न करू नये. त्यात बोटे जातात. थांबल्यावर कडी बसत नसेल, तर रॅचेट पट्टा (खटक्याच्या दांड्याने आवळायचा पट्टा) टपाच्या उघडणाऱ्या कडेवरून घेऊन दोन्ही दारांतून आत आणावा, घट्ट ताणावा आणि महामार्ग टाळून अगदी सावकाश गॅरेज गाठावे. पट्टा नेहमी गाडीत असलाच पाहिजे.

तुटलेल्या कडीचा भाग बेळगावच्या उद्यमबागेत बनवून मिळू शकतो, मात्र मूळ भागाइतकीच जाडी आणि ताकद मागून घ्यावी, डोक्यावर ८.८ हा ताकदीचा दर्जा कोरलेले बोल्ट आणि नायलॉक (आत नायलॉनचे कडे असलेले, सहसा सैल न होणारे) नट वापरावेत. गॅस स्ट्रट मंदावले तर दोन्ही एकदम बदलावेत. साध्या व्हॅनचा टप कापून नवा बसवायचा असेल, तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार बदलाची परवानगी आणि नोंद यांची चौकशी आधी आरटीओत करावी, मगच टपाला हात लावू द्यावा.