खुर्चीवरचा योग शिकवताना

सांगली मिरजेकडं दवाखाने भरपूर, त्यामुळं ऑपरेशन होऊन नाहीतर लकव्यातून सावरून घरी आलेली माणसं गल्लोगल्ली आहेत. त्यांना शिकवायचं तर आधी फाईल बघा, आणि काय करायचं नाही ते डॉक्टरांकडून विचारून घ्या. बीपी असेल तर श्वास रोखायला लावू नका, काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारं आसनच नको, हाडं ठिसूळ असतील तर पुढं वाकवायचं नाही. इन्सुलिनवाल्यांसाठी साखर जवळ ठेवा.

खुर्ची लाकडी किंवा लोखंडी, भिंतीला टेकवून. मांडववाल्याची प्लॅस्टिकची नको, तिचे पाय फाकतात. बसणाऱ्याचे पाय जमिनीला टेकत नसतील तर खाली पाट द्या.

लकव्याचं मात्र लई जपून करायचं, लुळा हात धरून वर ओढायचा नाही, खांदा कायमचा दुखावू शकतो, त्यापेक्षा काकांनाच चांगल्या हातानं तो हात धरून मांडीवरून गुडघ्याकडं सरकवू द्या, जाईल तेवढा, आणि तुम्ही त्यांच्या कमजोर बाजूला बसा म्हणजे तोल गेला तर सावरता येतं. हात लावायच्या आधी "काका, धरू का?" असं त्यांनाच विचारा, बायकोला नाही. बोलता येत नसलं तरी मान हलवतात की, तेवढं थांबा. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

दुखलं की तिथंच थांबवा. एप्रिल-मेत सकाळी लवकरच घ्या. शवासनही खुर्चीतच, आणि उठताना दोन मिनिटं बसवून मग उभं करा, एकदम उठलं की चक्कर येते.