कॉलेजची कॅरल फेरी कशी बसवावी

मिरजेतल्या छोट्या ख्रिस्ती कॉलेजात नाताळची कॅरल फेरी, म्हणजे घरोघरी जाऊन नाताळगीतं म्हणायची फेरी, काढायची, तर गाण्यांच्या आधी घरं ठरवा. एका संध्याकाळी आठ घरं, त्याहून एकही वाढवू नका. एका घरी बारा मिनिटं, चालायला सात-आठ मिनिटं आणि मध्ये एकदा चहा धरला, तर साडेसहाला निघूनही साडेनऊ वाजतात. चहा-फराळ कुठल्या एका घरी घ्यायचा ते आधीच कळवा. नाहीतर प्रत्येक घरी करंज्यांचं ताट पुढे येतं, नाही म्हणवत नाही, आणि शेवटची आजी वाट बघून झोपी जाते.

यादी चर्चच्या पाळकसाहेबांकडून घ्या. चर्चला येऊ न शकणारे म्हातारे आणि आजारी माणसं आधी. वर्षात मयत झालेलं घर बरेच जण टाळतात. तिथे जरूर जावं, फक्त आधी विचारावं आणि ढोलकी बाहेर ठेवून एकच संथ गीत म्हणावं. तारीख १५ ते २० डिसेंबरमधली धरा, कारण पुढे वसतिगृहातली मुलं गावाला निघतात.

गाणी चारच, पण पाठ. अंधारात वही दिसत नाही. त्यात एक तरी मराठी भजन हवंच. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. त्यांनी रुळवलेली अभंग-भजनाची चाल इथल्या घरांत आजही वडीलधाऱ्यांना तोंडपाठ असते, आणि ते आपोआप साथीला येतात. तालमीला तीन आठवडे, आठवड्यातून तीनदा पाऊण तास पुरतो. सूर धरताना गाण्यातली सर्वांत वरची ओळ आधी म्हणून बघा. तिथे मुलींचा आवाज ताणला तर पट्टी एक स्वर उतरवा, आणि पेटीच्या ठरलेल्या पट्टीवर कागदाची चिकटपट्टी लावा. हे केलं नाही, की पेटीवाला घाईत दुसरीच पट्टी धरतो आणि ध्रुवपदाला निम्मे गळे गप्प होतात.

ढोलकी दवात सैल पडते, ठोका बद्द येतो. दोन गाण्यांच्या मध्ये ती जाड कापडात गुंडाळा, ओल्या जमिनीवर ठेवू नका, आणि शेकोटीवर तापवू नका, पुडीवरचा काळा थर, म्हणजे शाई, तडकते. मिरजेत वाद्यांचे कारागीर दारातच आहेत, तेव्हा ओढून घ्यायची ती नोव्हेंबरातच ओढून घ्या.

लाऊडस्पीकर नकोच. रात्री दहानंतर त्याला बंदी आहे, आणि रुग्णालयांभोवती किमान १०० मीटरचं शांतता क्षेत्र असू शकतं. मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय काढलं, तेव्हापासून मिरज दवाखान्यांचंच गाव आहे. वॉर्डात गायचं असेल तर सिस्टर-इनचार्जची परवानगी घ्या, सहा-सातच जण जा, वाद्य नको. मेणबत्ती तर अजिबात नको, ऑक्सिजन जवळ असतो. सेलवरचे दिवे न्या. ड्यूटी बदलायची वेळ टाळा.

प्रत्येक घरी क्रम एकच ठेवा: गीत, बायबलातल्या लूक २:८–१४ चं वाचन, दुसरं गीत, एका मिनिटाची प्रार्थना. प्रार्थना कोण करणार हे दारात ठरवू नका. त्यात पाच मिनिटं जातात आणि लांबते ती वेगळीच.

कॉलेजात सगळ्या धर्मांची मुलं असतात. राज्यघटनेच्या कलम २८(३) नुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत संमतीशिवाय कुणालाही उपासनेत बसवता येत नाही. मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. म्हणून नावं ज्याने त्याने आपणहून द्यावीत. फेरीची हजेरी घेऊ नये आणि ती अंतर्गत गुणांना जोडू नये. कुणी नुसती ढोलकी वाजवायला आला तर त्याला वाचन किंवा प्रार्थनेचा आग्रह धरू नका.

दानाची पाकिटं रस्त्यात उघडू नका. परतल्यावर लगेच दोघांनी मिळून मोजायची, वहीत घरागणिक रक्कम लिहून दोघांनी सही करायची आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयातून पावत्या पोचवायच्या. पैसे कशाला जाणार, हे निघायच्या आधीच प्रत्येक घरी सांगितलेलं असावं.