सम्राज्ञी ज्युडिथची वंशावळ कशी मांडावी

फ्रँक सम्राट लुई द पायस याची पहिली पत्नी एर्मेनगार्ड ३ ऑक्टोबर ८१८ रोजी वारली आणि पुढच्याच वर्षाच्या आरंभी सम्राटाने आखेन येथे ज्युडिथशी दुसरा विवाह केला. या ज्युडिथची वंशावळ मांडायला बसणारा बहुधा तिचे आजोबा-पणजोबा शोधू लागतो आणि तिथेच अडकतो, कारण तिच्या घराण्याविषयीचा समकालीन पुरावा आईवडिलांच्या वर जवळजवळ जात नाही. तो बाजूला भावंडांकडे आणि खाली मुलानातवंडांकडे पसरतो. म्हणून कागदाच्या मध्यावर ज्युडिथचे नाव लिहावे, वर एकाच पिढीपुरती जागा ठेवावी आणि बाजू व खालचा भाग मोकळा सोडावा.

वरच्या पिढीसाठी दोन साक्षीदार पुरेसे आहेत. फ्रँक राजदरबाराशी निगडित असलेल्या वार्षिक वृत्तांतात ८१९ च्या नोंदीत असे म्हटले आहे की सम्राटाने अनेक सरदारांच्या मुली पाहिल्या आणि काउंट वेल्फची कन्या ज्युडिथ हिच्याशी लग्न केले. ट्रियरचा सहायक बिशप तेगान याने ८३६-३७ च्या सुमारास लिहिलेल्या लुईच्या चरित्रात अधिक माहिती मिळते: वेल्फ बव्हेरियातील अत्यंत कुलीन घराण्यातला होता, आई आयगिलवी ही सॅक्सन कुळातली होती आणि मुलगी फार सुंदर होती. एकच माणूस पहिल्या ठिकाणी ‘काउंट’ आहे, तर तेगानकडे ‘ड्यूक’. अशा वेळी दोन्हींची सांगड घालून तिसरेच काही तयार करू नये. दोन्ही पदव्या ज्याच्या त्याच्या साक्षीसह नोंदवाव्यात. माझा कल पहिल्या नोंदीकडे आहे, कारण तेगान लग्नानंतर सुमारे सतरा वर्षांनी आणि सम्राटाची बाजू घेऊन लिहीत होता. सम्राटाच्या सासऱ्याला एक पायरी वर चढवणे त्याला जड गेले नसावे.

आईच्या बाबतीत अडचण नावाच्या लेखनाची आहे. आयगिलवी, हेगिलविख आणि आजच्या ग्रंथांतील हाइलविग ही एकाच स्त्रीची नावे होत; पुढे ती पॅरिसजवळच्या शेल येथील मठाची मठाधिपती झाली. वेल्फ हे नावही लॅटिनमध्ये ‘हुएल्फ’ असे आढळते. मूळ लॅटिन साधने ‘मोनुमेंटा जर्मनाए हिस्टोरिका’ या ग्रंथमालेत छापलेली असून इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात, परंतु शोध घेताना नावाचे एकच रूप टाकले तर निम्म्या नोंदी निसटतात. आधी प्रत्येक व्यक्तीच्या नावाची सर्व रूपे एका वहीत लिहून काढावीत आणि मगच शोधाला लागावे.

आता बाजूच्या रेषा. ज्युडिथला कॉनराड आणि रुडॉल्फ हे दोन भाऊ होते. सम्राट लुईविरुद्धच्या ८३० च्या बंडात बंडखोरांनी ज्युडिथला पॉयटियर्सच्या मठात कोंडले आणि या दोघा भावांचे मुंडण करून त्यांनाही मठात टाकले. माहेरच्या माणसांचे वजन किती होते, हे या शिक्षेवरूनच कळते. बहीण एम्मा हिचे स्थान दाखवताना मात्र आकृती खरोखर अवघड होते, कारण ८२७ मध्ये तिचे लग्न लुई द जर्मन याच्याशी, म्हणजे ज्युडिथच्या सावत्र मुलाशी झाले. सख्खी बहीण सावत्र सून झाली! संगणकावरील अनेक वंशावळ-प्रणाली अशा वेळी एम्माची दोन स्वतंत्र कार्डे तयार करतात. ती लगेच जोडून एक करावीत, नाहीतर पुढच्या पिढीत एका माणसाची दोन माणसे होतात.

कॉनराडच्या शाखेत आणखी एक खड्डा आहे. त्याच्या मुलाचेही नाव कॉनराड, आणि या दुसऱ्या कॉनराडचा मुलगा रुडॉल्फ ८८८ मध्ये अप्पर बर्गंडीचा राजा झाला. या काळातील फ्रँक सरदारांना आडनावे नव्हती, त्यामुळे नावाबरोबर मृत्यूचे वर्ष, पद किंवा ठिकाण यांपैकी एक खूण लिहिण्याची शिस्त पाळावी. एर्मेनगार्डबाबतही तेच: एक लुईची पहिली पत्नी, दुसरी तिच्या मुलाची, लोथारची पत्नी, तूरच्या ह्यूची कन्या. सासू-सुना एकाच नावाच्या असल्याने दोघींची माहेरे सर्रास एकमेकींच्या खाती जमा केलेली दिसतात.

आडनाव नसल्याचा तोटा नावे ठेवण्याच्या रिवाजाने बराच भरून निघतो आणि इथे ज्युडिथची वंशावळ सर्वांत बोलकी होते. तिला दोन अपत्ये झाली, गिसेला आणि १३ जून ८२३ रोजी फ्रँकफर्ट येथे जन्मलेला चार्ल्स द बाल्ड. गिसेलाचे लग्न ईशान्य इटलीतील फ्रिऊलीच्या एबरहार्डशी झाले. एबरहार्डच्या मृत्युपत्रात मुलांमध्ये मालमत्तेची, शस्त्रांची आणि ग्रंथांचीही वाटणी असल्यामुळे त्या मुलांची नावे एकत्रच हाती येतात: उनरॉक, बेरेंगार, अडालार्ड, रुडॉल्फ हे मुलगे, आणि मुलींमध्ये ज्युडिथ व हाइलविग. एका मुलीला आजीचे नाव, दुसरीला पणजीचे, एका मुलाला आजीच्या भावाचे; वेल्फ घराणे गिसेलाच्या पाळण्यापर्यंत पोहोचलेले दिसते. यांतला बेरेंगार ९१५ मध्ये सम्राट झाला. चार्ल्सनेही आपल्या मुलीचे नाव ज्युडिथ ठेवले. तिचे लग्न ८५६ मध्ये इंग्लंडमधील वेसेक्सचा राजा एथेलवुल्फ याच्याशी झाले. नावांच्या या पुनरावृत्तीचा आधार घ्यावा, पण ती दुय्यम साक्ष मानावी: ठाऊक असलेले नाते ती बळकट करते, नवे नाते एकटीने सिद्ध करत नाही.

म्हणून रेषा तीन प्रकारच्या काढाव्यात. समकालीन लेखात नाते स्पष्ट सांगितले असेल तर सलग, अनेक खुणांवरून अभ्यासकांनी जुळवले असेल तर तुटक, आणि नुसत्या नावसाम्यावर किंवा उशिराच्या कुलवृत्तांतावर उभे असेल तर ठिपक्यांची. वेल्फचा पिता म्हणून आठव्या शतकातील रुथार्ड या सरदाराचे नाव अनेक तयार वंशवृक्षांत ठामपणे लिहिलेले असते. ते ठिपक्यांतच राहू द्यावे.

दक्षिण जर्मनीतील श्वाबिया प्रांतात पुढे नावारूपाला आलेल्या वेल्फ घराण्याचे ज्युडिथच्या वडिलांशी नाते जोडतानाही हीच गत होते. त्या घराण्याचे स्वतःचे वृत्तांत बाराव्या शतकात, ज्युडिथनंतर सुमारे तीनशे वर्षांनी लिहिले गेले. घराण्याला आपल्याविषयी काय सांगायचे होते हे त्यांतून उत्तम कळते, नवव्या शतकातील नाती तितकी नाही. शिवाय १०५५ मध्ये तिसरा वेल्फ निपुत्रिक वारला आणि घराण्याचे नाव त्याच्या बहिणीच्या, कुनिगुंडेच्या मुलाने, म्हणजे चौथ्या वेल्फने चालवले, तेव्हा तिथे पितृवंशाची रेषा थांबवून मातृवंशाची सुरू करावी. त्या भाच्याच्या वंशातूनच पुढे हॅनोव्हरचे राजघराणे आले. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा ब्रिटनच्या गादीवर असलेला तिसरा जॉर्ज याच घराण्यातला. तिथपासून चौथ्या वेल्फपर्यंत सलग रेषेने जाता येते, मात्र श्वाबियाच्या वेल्फांपासून ज्युडिथच्या वडिलांपर्यंत ठिपकेच काढावे लागतात.