ताटावरचं इंग्रजी: घरी बसून सराव कसा करायचा

जहाजावर लागून मला महिनाही झाला नव्हता. रात्रीच्या जेवणाला माझ्या टेबलावर एक वयस्कर अमेरिकन जोडपं बसलं होतं. बाईंनी मेनू मिटून माझ्याकडे पाहिलं आणि मी हसून विचारलं, “व्हॉट डू यू वॉन्ट?” माझ्या मनात होतं, ‘काय आणू तुमच्यासाठी?’ त्यांना ऐकू आलं, ‘काय पाहिजे तुला?’ त्या रात्री सुपरवायझरनी बोलावून घेतलं. वेटर उद्धट आहे अशी तक्रार आली होती. मला झोप लागली नाही, कारण त्या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती.

चौदा वर्षं समुद्रावर काढून आता चिपळूणला घरी आहे. संध्याकाळी सात-आठ जण इंग्रजी बोलायला शिकायला येतात. दोघं आखातातल्या हॉटेलांत निघालेत, दोघं क्रूझवर, एक मुलगी नर्स म्हणून जर्मनीला जाणार आहे, आणि एक काकू लेकीच्या बाळंतपणासाठी इंग्लंडच्या उत्तर भागात चालल्यात. सगळ्यांना मी जेवणाच्या टेबलाशीच बसवतो. जेवताना माणूस वीस मिनिटं तरी एका जागी असतो. तेवढ्यात तो मागतो, नको म्हणतो, विचारतो, कौतुक करतो, आभार मानतो. हे सगळं पुस्तकात वेगवेगळ्या धड्यांत विखुरलेलं असतं, ताटावर एकत्र येतं. सरावाला एक जोडीदार, एक फोन आणि खरं जेवण लागतं. चित्रावरून सराव करू नका. गरम भात समोर असला की बोलण्यात आपोआप जीव येतो.

मान कुठे असतो

रोजच्या मराठीत ‘प्लीज’ला शब्द नाही. ‘कृपया’ असतं ते पाटीवर. आपण उर्मट आहोत म्हणून असं नाही. आपला मान क्रियापदात असतो. दे, द्या, द्याल का, जरा द्या ना. एकाच धातूवर किती पायऱ्या! इंग्रजीत ‘गिव्ह’ मालकालाही तेच आणि मुलालाही तेच. म्हणून तिथे मान वेगळा आणून वाक्याच्या तोंडाशी ठेवावा लागतो: कुड यू, वुड यू, मे आय. मी नेमका तोच विसरलो होतो. त्या बाईंना “व्हॉट कॅन आय गेट यू, मॅम?” एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं.

पहिला आठवडा फक्त मागायचा सराव करा. टेबलावर मीठ, लोणचं, पाणी, भात ठेवा. आधी नेहमीच्या मराठीत मागा, मग लगेच तेच इंग्रजीत. “जरा मीठ द्या ना” म्हणजे “कुड यू पास द सॉल्ट, प्लीज?” इथे ‘गिव्ह’ न म्हणता ‘पास’ म्हणायचं. भांडं जवळ नसेल तर दुसऱ्याच्या ताटावरून हात लांबवणं इंग्रजी टेबलावर वाईट दिसतं, त्यामुळे हे वाक्य एका जेवणात पाच-सहा वेळा लागतं. “अजून थोडा भात वाढा” म्हणजे “कुड आय हॅव अ लिटल मोर राइस, प्लीज?” या वाक्यात समोरच्याला काहीच करायला सांगितलेलं नाही, फक्त मला मिळेल का एवढंच विचारलंय, हे लक्षात घ्या.

घरातली माणसं ऐकून हसतील. हसू द्या, पण जोडीदाराला एक नियम घालून द्या: वाक्यात मान नसेल तर वस्तू द्यायची नाही. माझ्याकडे एका मुलाला परवा आमटीशिवाय अर्धा भात खावा लागला. त्यानंतर त्याचं ‘कुड यू’ सुटलेलं नाही.

एकदाच नको

आपल्याकडे पहिलं ‘नको’ म्हणजे ‘अजून थोडा आग्रह करा’. यजमान तीनदा वाढायला येणार आणि पाहुणा ताटावर हात आडवा धरणार हे ठरलेलंच. इंग्लंड-अमेरिकेत पहिलं ‘नो’ बहुतेक वेळा खरं धरतात आणि डिश पुढे सरकते. त्यामुळे तिथे आपला माणूस संकोचाने नको म्हणतो आणि अर्धपोटी उठतो. उलट तेच लोक आपल्याकडे जेवायला आले की आपण वाढतच राहतो, आणि त्यांना वाटतं आपलं ऐकूनच घेतलं जात नाहीये.

याचा सराव दोन्ही बाजूंनी करा. आधी पाहुणा व्हा. हवं असेल तर पहिल्याच खेपेला “यस, प्लीज. आय वुड लव्ह सम.” नको असेल तर तीन तुकडे: आभार, कौतुक, कारण. “नो, थँक यू. इट वॉज लव्हली, बट आय अ‍ॅम फुल.” ‘आय डोन्ट वॉन्ट’ हे ‘मला नको’चं शब्दाला शब्द ठेवून केलेलं वाक्य, कानाला ते ताट ढकलल्यासारखं लागतं. अमेरिकन माणूस नुसतं “आय अ‍ॅम गुड” म्हणाला तर त्याची तब्येत बरी आहे असं समजू नका, त्याला अजून नकोय.

मग यजमान व्हा. “वुड यू लाइक सम मोर?” एकदा. नंतर फार तर “प्लीज, हेल्प युअरसेल्फ.” हे काकूंना सगळ्यात अवघड गेलं. पाहुण्याला ‘आपापलं घ्या’ म्हणायचं म्हणजे त्यांना अन्नाचा अपमान वाटतो. मी त्यांना सांगितलं, तिकडे पाहुण्याच्या मर्जीवर सोडणं हाच मान. तरी त्यांचा डाव हवेत वर येतोच, आणि मला ते बघून बरं वाटतं.

सगळं जग इंग्लंडसारखं नाही हेही सांगून ठेवतो. इराणमध्ये आपल्यासारखंच एक-दोनदा नाही म्हणणं शिष्टाचारात बसतं. त्याला ते तारोफ म्हणतात. आखातात अरबी कॉफी बिनकानाच्या छोट्या कपात देतात, आणि कप नुसता पुढे केला की वाढपी तो पुन्हा भरतो. पुरे झाली की कप मनगटातून दोन-तीनदा हलवून परत द्यायचा. आखातात निघालेली आमची दोन्ही मुलं स्टीलच्या वाटीने हे करून बघतात. तिथे ‘नको’ला शब्दच लागत नाही.

या जेवायला

कोकणात ओटीवर पाऊल टाकलं आणि घरचे जेवत असले की आतून हाक येते, “या जेवायला!” आपण म्हणतो, “होऊ द्या सावकाश.” जहाजाच्या क्रू मेसमध्ये माझ्या बाजूला फिलिपिनो पोरं बसायची. पहिल्याच दिवशी एक जण ताटावरून मान वर करून म्हणाला, “काइन तायो!” चला, जेवू या. मी तोवर ताट घेतलंही नव्हतं. चिपळूण सोडून तीन आठवडे झाले होते, आणि कोणीतरी ‘या जेवायला’ म्हटलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

इंग्रजीत या दोन्ही वाक्यांना नेमका जोड नाही. “एन्जॉय युअर मील” हे बहुतेक वेटरचं वाक्य. कोणी जेवत असताना आत गेलात तर “ओ, सॉरी, आय डिडन्ट मीन टु इंटरप्ट. प्लीज, कॅरी ऑन” म्हणा. त्यात ‘सावकाश होऊ द्या’चा गोडवा उतरत नाही, पण काम होतं. अशी न उतरणारी वाक्यं वहीत वेगळी लिहून ठेवा. उष्टं, घास, पंगत, खमंग. प्रत्येकाचं दोन वाक्यांत स्पष्टीकरण तयार करा. ‘उष्टं’साठी आम्ही केलेलं: “वन्स समवन्स माउथ हॅज टच्ड इट, वी डोन्ट शेअर इट, एक्सेप्ट विथ पीपल व्हेरी क्लोज टु अस.” हे सांगता आलं की बाटलीला तोंड न लावता पाणी का पितो तेही सांगता येतं.

आमंत्रणातले फसवे शब्द

इथे पाठांतरच करा. इंग्लंडच्या उत्तरेकडे बऱ्याच घरांत ‘टी’ म्हणजे संध्याकाळचं पूर्ण जेवण, आणि ‘डिनर’ दुपारचं. काकूंना कोणी “कम राउंड फॉर टी” म्हटलं तर त्यांनी घरून जेवून जायचं नाही. ‘पुडिंग’ म्हणजे तिथे कुठलाही गोड शेवट. अमेरिकेत ‘ऑन्ट्रे’ म्हणजे मुख्य पदार्थ. ऑस्ट्रेलियात त्याच शब्दाचा अर्थ त्याआधी येणारा छोटा पदार्थ. ऑस्ट्रेलियात “ब्रिंग अ प्लेट” म्हटलं तर रिकामी प्लेट नेऊ नका, एक पदार्थ करून न्या.

वेळेचीही एक गंमत आहे. इंग्लंडमध्ये “हाफ फाइव्ह” म्हणजे साडेपाच. जर्मनमध्ये ‘हाल्ब फ्युन्फ’ म्हणजे साडेचार, पाचला अर्धा तास कमी. आमच्या नर्सबाईंनी ते आरशावर लिहून चिकटवलंय. शंका आली तर विचारा: “सॉरी, डू यू मीन फाइव्ह थर्टी?” आणि आमंत्रण मिळालं की “कॅन आय ब्रिंग एनिथिंग?” हे विचारायचंच.

रीत विचारायची कशी

सगळ्या देशांच्या रीती पाठ होत नाहीत, आणि तशी गरजही नाही. एक वाक्य पक्कं करा: “हाउ डू यू युज्वली ईट धिस?” दुसरं: “कुड यू शो मी?” मी जहाजावर ही दोन वाक्यं इतकी वापरली की त्यांच्यावर माझं निम्मं शिक्षण झालं. विचारलेलं कुणालाही आवडतं.

समोरच्याने सांगितलं की ‘का’ विचारा, पण ‘व्हाय डू यू’ने सुरुवात केली की जाब विचारल्यासारखं होतं. “इज देअर अ रीझन फॉर दॅट?” असं विचारा. जपानमध्ये चॉपस्टिक्स भातात उभ्या खोचत नाहीत, आणि एका चॉपस्टिकवरून दुसऱ्या चॉपस्टिकवर घास देत नाहीत. कारण कळलं की मराठी माणूस ते कधी विसरणार नाही: मृताच्या नावाने ठेवलेल्या भातात त्या तशा उभ्या खोचतात, आणि दहनानंतर अस्थी तशा चॉपस्टिक्सनी एकमेकांकडे देतात. पिंडाचा भात पाहिलेल्याला आणखी सांगावं लागत नाही. इंग्रजीत: “इट रिमाइंड्स पीपल ऑफ अ फ्युनरल.” इथिओपियात इंजेराचा, म्हणजे तिथल्या मऊ आंबवलेल्या भाकरीचा, घास करून दुसऱ्याच्या तोंडात घालतात, त्याला गुर्शा म्हणतात. लग्नात नाव घेऊन घास भरवणाऱ्या आपल्या लोकांना ते परकं वाटू नये.

आपली रीत सांगताना “व्हेअर आय कम फ्रॉम, वी...” अशी सुरुवात करा. दुसऱ्यांबद्दल बोलताना “मेनी पीपल इन जपान...” म्हणा. ‘दे ऑलवेज’ म्हणू नका. आपल्या गल्लीतली दोन घरं एकसारखी जेवत नाहीत, मग एक देश कसा जेवेल?

हाताने जेवण्याबद्दल माझ्याकडे शिकणाऱ्या मुलांना अजून लाज वाटते. मला याचं फार वाईट वाटतं. काटा-सुरी जरूर शिका: सुरी उजव्या हातात, काटा डाव्या, जेवण झालं की दोन्ही जवळजवळ समांतर ठेवायचे, म्हणजे वेटरला न बोलता कळतं. पण हाताचं वाक्यही तेवढंच ताठ मानेने म्हणा: “वी ईट विथ अवर राइट हँड. वुड यू लाइक टु ट्राय?” माझ्या मेसमधल्या एका युक्रेनियन मुलाला मी भात-आमटी कालवायला शिकवली होती. बोटांच्या टोकांवर घास धरून अंगठ्याने पुढे सारायचा, तळवा कोरडा राहिला पाहिजे. हे इंग्रजीत समजावता समजावता ‘मिक्स’, ‘गॅदर’, ‘पुश’ ही क्रियापदं माझी कायमची झाली. तुम्हीही एक कृती अशी सांगून फोनवर रेकॉर्ड करा, दुसऱ्या दिवशी ऐका.

पोटात काय जातंय

‘आय अ‍ॅम व्हेजिटेरियन’ एवढ्यावर थांबू नका. काही ठिकाणी मासे त्यात चालतात असं धरतात. “आय डोन्ट ईट मीट, फिश ऑर एग्ज” असं सुटं सांगा. मग “इज देअर एनी फिश ऑर मीट स्टॉक इन धिस?” जपानी मिसो सूपमध्ये बहुधा सुक्या माशाचा अर्क असतो, थाई भाज्यांत फिश सॉस, आणि पार्मेझान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात. उपवासाला नुसतं ‘आय अ‍ॅम फास्टिंग’ म्हटलं तर लोक समजतात काहीच खायचं नाही, आणि पुढे तुम्ही साबुदाणा खाताना बघून गोंधळतात. “टुडे आय कॅन ओन्ली ईट सर्टन थिंग्ज” म्हणा.

आणि एक वाक्य मी सगळ्यांकडून सगळ्यात जास्त वेळा म्हणवून घेतो. आपल्या कोशिंबिरीत, खिचडीत, वांग्याच्या भाजीत दाण्याचं कूट असतं आणि ते दिसत नाही. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाच्या जिवावर एक चमचा बेतू शकतो. ब्रिटनमध्ये खाद्यपदार्थ विकताना 14 अ‍ॅलर्जन सांगणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि शेंगदाणा त्यात आहे. घरी कायदा नसतो, यजमानाची जबाबदारी असते. तेव्हा पाहुणा बसायच्या आधी: “डझ एनीवन हॅव एनी फूड अ‍ॅलर्जीज?” आणि भांडं टेबलावर ठेवताना: “धिस हॅज पीनट्स इन इट.”

काकू आता माझ्याकडे काकडीची कोशिंबीर घेऊन येतात तेव्हा दारातूनच हे वाक्य म्हणतात, चप्पल काढायच्या आधी.