मसाई मारातल्या मोठ्या लॉजवर राहताय? या चुका टाळा

केनियात मसाई मारा अभयारण्याच्या लॉजवर पहिल्या संध्याकाळी ऐकू येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या असतात. खोली फार लांब आहे, पाणी गार आहे, वाय-फाय रिसेप्शनपाशीच मिळतं. शंभर खोल्या, स्विमिंग पूल असं वाचून आपण डोळ्यांसमोर महाबळेश्वरचं रिसॉर्ट आणलेलं असतं. हे मात्र माळरानात वसवलेलं छोटं गाव आहे, आणि ते स्वतःच्या घड्याळावर चालतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक नाश्त्याची. बुफे पाहून माणसं रेंगाळतात. ऑम्लेट, पॅनकेक, दुसरा चहा, आणि सफारीची गाडी हलते साडेआठला. विषुववृत्त जवळ असल्यामुळे इथे बाराही महिने साडेसहाच्या आसपास उजाडतं आणि अभयारण्याचं गेट सहाला उघडतं. सिंह-चित्ते हिंडताना दिसतात ते त्या गार वेळेतच. ऊन चढलं की सिंह झुडपाखाली आडवा, आणि तुमच्या फोटोत फक्त शेपूट. म्हणून नाश्ता डब्यात घ्या. पण हे आदल्या रात्री जेवतानाच स्वयंपाकघराला आणि ड्रायव्हरलाही सांगावं लागतं. पहाटे सांगून काही होत नाही. डब्यात बहुधा उकडलेलं अंडं आणि चिकनचा तुकडा असतो. नुसतं ‘व्हेज’ म्हटलं तर अंडं येऊ शकतं, तेव्हा अंडंही नको हे स्पष्ट सांगा. जैन जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच कळवा. बाकी जेवणाची फार धास्ती नको. चपाती केनियात घरोघरी खातात आणि तिला म्हणतातही चपातीच.

लॉज अभयारण्याच्या आत आहे की गेटबाहेर, हे पैसे भरण्याआधी विचारा. बाहेर असेल तर रोज गेटपर्यंतचा वेळ वेगळा धरा. जुलै 2024 पासून परदेशी प्रौढ पाहुण्याला जुलै ते डिसेंबर या काळात दिवसाला 200 डॉलर प्रवेश शुल्क पडतं आणि तिकीट 12 तासांचं असतं. ते पॅकेजमध्ये धरलंय का, शेवटच्या दिवसाचं काय, हे लिहून घ्या.

वीज अनेक ठिकाणी जनरेटरची, म्हणून ठरावीक तासच. चावी घेतानाच वेळा विचारा आणि कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या वीज असताना चार्जिंगला लावा. प्लग तीन चौकोनी पिनांचा असतो, आपला गोल पिनांचा बसत नाही. गरम पाण्याचंही तसंच. टोकाच्या खोलीपर्यंत ते पोचायला वेळ लागतो. थोडं थांबून मगच रिसेप्शनला फोन करा. गुडघे दुखत असतील तर जेवणघराजवळची खोली आधीच मागून ठेवा. आल्यावर मागितली तर ती दुसऱ्याला गेलेली असते.

व्हरांड्याचं दार उघडं टाकू नका. आमच्या चकल्यांचा डबा एका वानराने दोन मिनिटांत नेला आणि छपरावर बसून आमच्यादेखत संपवला. रात्री मात्र गंमत नाही. नदीकाठच्या लॉजवर पाणघोडे अंधारात चरायला हिरवळीवर येतात. खोली पन्नास पावलांवर असली तरी रखवालदाराला, म्हणजे ‘अस्करी’ला, सोबत घ्या.

नैरोबीहून छोट्या विमानाने जाणार असाल तर सामान साधारण 15 किलो आणि तेही मऊ पिशवीत. चाकांची कडक बॅग अडते. प्लास्टिकच्या पिशव्यांवर 2017 पासून बंदी आहे, चिवडा कापडी पिशवीत बांधा. पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र मुंबईत उतरेपर्यंत हाताशी ठेवा, नाहीतर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागतं.

आणि स्वेटर न्याच. मारा दीड हजार मीटरच्या वर आहे, जुलै-ऑगस्टच्या पहाटे हुडहुडी भरते. रात्री पांघरुणात पाय घातल्यावर काही गरम, मऊ लागलं तर किंचाळू नका. संध्याकाळी पांघरूण नीट करताना लॉजच्या माणसांनी ठेवलेली ती गरम पाण्याची पिशवी असते.