गोव्यातल्या उद्योगपतीचं चरित्र लिहायला घेताना

गावच्या हायस्कुलाला शेठचं नाव द्यायचं ठरतं, सत्कार समिती बसते आणि कुणातरी मास्तरांच्या गळ्यात चरित्र येऊन पडतं. घरून एक गौरवग्रंथ, थोडी कात्रणं आणि फोटोंचा डबा मिळतो. एवढ्यावर लिहिलेली सगळी चरित्रं सारखीच निघतात: लहानपणी वडिलांचा पसरा (दुकान), मग मुंबई, मग सचोटी, मग खाण, शेवटी देवळाचा जीर्णोद्धार. नाव बदललं तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. माणूस दिसायला हवा असेल तर नोटरीचे दस्त, इन्व्हेंटरी (वारसांसाठी न्यायालयात होणारी मालमत्तेची यादी), बोलेतीम ऑफिशियल म्हणजे पोर्तुगीज काळातलं सरकारी राजपत्र, आणि खनिज वाहणाऱ्या बार्जच्या पावत्या उघडाव्या लागतात. ही कामं कशी करायची आणि कुठे पाय घसरतो, ते इथे दिलं आहे.

पहिलं काम कालपटाचं. मोठी वही घ्या आणि पाच रकाने आखा: तारीख, घटना, कशावरून, तो कागद कुणी केला, शंका. मग १९ डिसेंबर १९६१ वर, म्हणजे गोवा मुक्तीच्या दिवसावर, आडवी लाल रेघ मारा. गोव्यातल्या कुठल्याही धंदेवाईक माणसाच्या आयुष्यात ही शिवण असतेच. रेघेच्या वर कागद पोर्तुगीजमध्ये, नाणं वेगळं, हिशेबाचं सरकारी वर्ष जानेवारी ते डिसेंबर. खाली इंग्रजी, भारतीय रुपया, एप्रिल ते मार्च. चरित्रातल्या बहुतेक चुका या रेघेच्या आसपास होतात. ‘१९६१ चं उत्पादन’ आणि ‘१९६१-६२ चं उत्पादन’ हे दोन आकडे कधीच एका तक्त्यात शेजारी ठेवू नका. घरच्या वह्यांचा तर आणखी तिसराच प्रकार. जुने व्यापारी दिवाळीच्या पाडव्याला नवी वही घालत आणि वर शके लिहीत. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं, पण जानेवारी ते फाल्गुन अमावस्येपर्यंतच्या नोंदींना ७९ मिळवायचे. पौष-माघातला व्यवहार हमखास एक वर्ष मागे पडतो तो यामुळेच.

नाव सापडलं तरच माणूस सापडतो

पोर्तुगीज वर्णमालेत के, डब्ल्यू, वाय नव्हते. त्यामुळे ‘क’ सी खाली नाहीतर क्यू-यू खाली जातो, ‘श’ एक्स खाली. केशव शोधायचा तर क्यू पासून, शांताराम एक्स पासून, यशवंत चक्क ई पासून, रघुवीर आर-ओ-जी असा. आडनावांचीही तीच गत. प्रभू ‘पोरोबो’ होतो, कामत ‘कामोतीं’, पै ‘पोय’, आणि शेणवी घराण्यांत आडनावाआधी ‘सिनाय’ लागतं. साळगावकर हे नाव रोमी लिपीत व्ही आणि के न वापरताच लिहिलं जातं. धेंप्यांना मराठी कागदांत ‘धेंपे’ही म्हणतात आणि ‘धेंपो’ही. शोध सुरू करण्याआधी तुमच्या माणसाच्या नावाची किमान पाचसहा रूपं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. वडिलांचं आणि आजोबांचं नाव त्याच रीतीनं लिहा, कारण एकाच वाड्यावर एकाच नावाचे तीन चुलतभाऊ असणं गोव्यात नवल नाही.

जन्मतारखेसाठी थेट गावच्या तालुक्यात जाऊ नका. पहिलं मूल आजोळी जन्मतं. आई डिचोलीची आणि घर काणकोणात असेल तर नोंद बहुधा डिचोलीला. हिंदूंच्या नियमित नोंदी मिळू लागतात त्या १९१० नंतरच्या दशकापासून, आणि त्यांतही कित्येक जन्म वर्षानुवर्षांनी, शाळेत घालायच्या वेळी नोंदवलेले. म्हणून नोंद केल्याची तारीख आणि जन्माची तारीख वेगवेगळ्या उतरवून घ्या. हस्ताक्षरात ‘जुन्यु’ आणि ‘जुल्यु’, म्हणजे जून आणि जुलै, एका अक्षरानं वेगळे आहेत. शाई फिकटली की एन आहे की एल ते ओळखू येत नाही. शंका असेल तर मागचीपुढची नोंद बघा, नोंदी क्रमानं असतात. ‘नातुराल द’ म्हणजे जन्मानं कुठला, ‘मोरादोर एं’ म्हणजे राहतो कुठे. दोन्ही गावं सापडली की अर्धं बालपण हाती आलं.

दस्त आणि इन्व्हेंटरी

गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा लागू झाला आणि त्याचा कौटुंबिक भाग अजून चालू आहे. वेगळा करार नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक, निम्मी-निम्मी. चरित्रकाराच्या दृष्टीनं याचा अर्थ असा, की विक्रीच्या दस्तावर बायकोचीही सही असते. शेठाणीचं नाव, तिला सही येत होती की अंगठा होता, ती स्वतः आली होती की मुखत्यारपत्रावर काम झालं, हे सगळं तिथे दिसतं. गौरवग्रंथात तिला ‘गृहलक्ष्मी’ म्हणून एक परिच्छेद मिळालेला असतो. दस्तांच्या वहीत ती दर दोन वर्षांनी येऊन जाते.

माणूस वारल्यावर न्यायालयात होणारी इन्व्हेंटरी हा सगळ्यांत भरगच्च कागद. ‘काबेस द काझाल’, म्हणजे इस्टेटीचा कारभार बघणारा वारस, शपथेवर यादी देतो: घरं, भाटं (माडांच्या बागा), सोनं, समभाग, येणी, देणी. आधी वडिलांची इन्व्हेंटरी मागवा. ‘शून्यातून सुरुवात केली’ हे वाक्य टिकतं की नाही ते त्या यादीत कळतं. वडिलांच्या नावावर दोन कुळागरं (पोफळीच्या बागा) आणि एक पसरा असेल, तर शून्य जरा वरच्या पातळीवरचं होतं. देण्यांची बाजू मुद्दाम वाचा, कुणाकडून उसने घेतले होते ते नाव पुढे भागीदार म्हणून परत भेटतं.

नक्कल मागताना मृत्यूचं वर्ष, तालुका आणि पत्नीचं नाव द्या, नुसत्या आडनावावर काही मिळत नाही. जमिनीला जुना कोन्सेर्वातोरियाचा (जमीन नोंदणी कचेरीचा) आणि मात्रीजचा (करनोंदवहीचा) क्रमांक असतो, १९६१ नंतरच्या मोजणीत सर्व्हे नंबर आणि वन-फोर्टीनचा, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीचा, उतारा. एकाच भाटाचे तिन्ही क्रमांक जुळवून ठेवा, नाहीतर एकच जमीन चरित्रात तीनदा विकत घेतली जाते. धारबांदोडा तालुका अलीकडचा. तिथल्या जुन्या फायली सांगे नाहीतर फोंड्याच्या नावाखाली मिळतील.

आकड्यांत डॉलर दिसला तर

समजा १९६० च्या दस्तात ‘४५.०००$००’ असं लिहिलंय. नवखा माणूस पंचेचाळीस हजार डॉलर लिहून मोकळा होतो. ती खूण एस्कुद या पोर्तुगीज नाण्याची आहे. ती एस्कुद आणि सेंताव (एस्कुदचा शंभरावा भाग) यांच्या मध्ये बसते, आणि टिंब हजाराचं आहे, दशांशाचं नाही. ६ एस्कुदला १ रुपया, म्हणजे रक्कम झाली ७,५०० रुपये. ‘४५ कोंत’ असं अक्षरी लिहिलेलं असेल तर तीच रक्कम, कारण कोंत म्हणजे हजार एस्कुद. एस्कुद गोव्यात आला १९५८-५९ मध्ये. त्याआधीचे व्यवहार रुपिया, टांग आणि रेइस यांत: १६ टांगांचा एक रुपिया, ६० रेइसचा एक टांग. १९५० च्या कागदात एस्कुद दिसला तर आधी बघा, पैसे लिस्बनला भरलेत का.

जुन्या रकमेशेजारी ‘आजचे अमुक कोटी’ लिहायचा मोह टाळा. त्याऐवजी त्याच वर्षाच्या त्याच वहीतून मजुराची रोजी किंवा तांदळाचा भाव उचलून शेजारी ठेवा. वाचकाला किंमत कळते आणि तुम्ही खोटेही पडत नाही.

खाण कुणाची?

‘त्यांनी खाण विकत घेतली’ हे वाक्य गोव्याच्या चरित्रांत शंभरदा येतं आणि बहुतेकदा चूक असतं. १९६१ पूर्वी खाणी १९०६ च्या पोर्तुगीज वसाहती खाणकायद्याखाली सवलतीनं, म्हणजे कन्सेशननं दिल्या जात. प्रत्येक कन्सेशनला टी. सी. क्रमांक (कन्सेशनच्या सनदेचा क्रमांक), त्यापुढे वर्ष. १९८७ च्या कायद्यानं ही कन्सेशन्स रद्द होऊन २० डिसेंबर १९६१ पासून त्यांना भाडेपट्टा मानलं गेलं. म्हणून १९७० सालाबद्दल लिहिताना त्या काळच्या कागदात जो शब्द आहे तोच वापरा, आणि कायद्यानं नंतर काय ठरवलं ते वेगळं सांगा.

त्याहून मोठा घोळ म्हणजे टी. सी. एकाच्या नावावर आणि खणणारा दुसराच. कित्येक कन्सेशनधारकांनी खाणीचं तोंडसुद्धा पाहिलं नाही. कंत्राटदार टनामागे ठरलेला दर देऊन माल काढायचा. तुमचा माणूस यांतला कोण, हे बोलेतीममधली कन्सेशनची जाहिरात आणि नोटरीकडचा करार जोडीनं वाचल्याशिवाय ठरवू नका. बोलेतीमचे आणि वृत्तपत्रांचे जुने खंड पणजीला पाटो इथल्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात बघता येतात, सरकारी फायलींसाठी पुराभिलेख खातं. जाताना टी. सी. क्रमांक आणि अंदाजे साल बरोबर असू द्या.

टनांचेही प्रकार आहेत. जुन्या इंग्रजी करारांतला लाँग टन १,०१६ किलोचा, मेट्रिक टन हजाराचा. १०,००० लाँग टन म्हणजे १०,१६० मेट्रिक टन. शिवाय माल ओला की सुका? ८ टक्के ओल असेल तर ओल्या १०,००० टनांचे सुके ९,२००च. खाणीवरून ट्रकनं निघालेला, जेटीवर साठलेला आणि मुरगावला जहाजात चढलेला आकडा तीन ठिकाणी तीन. पैसे मिळाले ते जहाजाच्या आकड्यावर, म्हणून तो धरा आणि तसं लिहा. जमिनीतून किती निघालं हे सांगायचं असेल तर मातीही मोजा. गोव्यात एक टन खनिजामागे दोन-तीन टन माती काढावी लागे. ते ढिगारे कुणाच्या शेतात उतरले, हा प्रश्न चरित्राचाच भाग आहे, समितीला आवडो न आवडो.

अलीकडच्या पिढीबद्दल लिहिणार असाल तर तीन तारखा पाठ हव्यात: ५ ऑक्टोबर २०१२ ला सर्वोच्च न्यायालयानं खाणी थांबवल्या, २१ एप्रिल २०१४ च्या निकालात मानीव भाडेपट्टे २२ नोव्हेंबर २००७ लाच संपल्याचं ठरलं, आणि ७ फेब्रुवारी २०१८ ला नूतनीकरण झालेले ८८ पट्टे रद्द झाले. ‘खाणबंदी’ एवढ्या एका शब्दात हे तिन्ही कोंबू नका.

कंपनीचा जन्म आणि वृत्तपत्रांची मालकी

कंपनीच्या २१ चिन्हांच्या नोंदणी क्रमांकात एक अक्षर, पाच आकडे, राज्याची दोन अक्षरं, मग चार आकडी साल असतं. ते साल भारतीय कायद्याखालच्या नोंदणीचं. सेसा गोवाचं उदाहरण घ्या. सुरुवात १९५४ ची, आणि ‘सेसा’ हे एका इटालियन नावाचं लघुरूप. पण क्रमांकातलं साल १९६५. पुढे नोंदणीकृत कार्यालय मुंबईला गेलं तसं ‘जीए’ जाऊन ‘एमएच’ आलं. नुसता क्रमांक बघून इतिहास लिहिणाऱ्याची अकरा वर्षं गळतात.

वृत्तपत्रांची कात्रणं वापराच, पण पत्र कुणाचं ते शेजारी लिहून. ‘गोमन्तक’ १९६२ मध्ये खाणमालक चौगुल्यांनी काढलं, ‘नवहिंद टाइम्स’ १९६३ मध्ये खाणमालक धेंप्यांनी. मालकाच्या पत्रातलं मालकाचं कौतुक हा पुरावा नाही, ती जाहिरात. १६ जानेवारी १९६७ च्या सार्वमताआधीची कात्रणं तर दोन्ही बाजूंची वाचा. ‘गोमन्तक’ गोव्याच्या महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाच्या बाजूचा, ‘राष्ट्रमत’ विरुद्ध बाजूचा.

उद्योगपती राजकारणात असेल तर कालपटाला सहावा रकाना जोडा: त्या तारखेला पद कोणतं. भाऊसाहेब बांदोडकर खाणमालक होते आणि २० डिसेंबर १९६३ ला मुख्यमंत्री झाले, १२ ऑगस्ट १९७३ ला वारले. ‘सलग दहा वर्षं मुख्यमंत्री’ असं सर्रास छापलं जातं. डिसेंबर १९६६ ते एप्रिल १९६७ या काळात राष्ट्रपती राजवट होती.

माणसांशी बोलताना

घरच्यांकडे शेवटी जा. आधी मुनीम, बार्जवरचा खलाशी, खाणीचा मुकादम, ऑफिसातला टंकलेखक. ‘शेठ कसे होते?’ विचारलंत तर ‘देवमाणूस’ एवढंच मिळेल. ‘पगार कुठल्या वारी व्हायचा? कोण वाटायचं? चतुर्थीला काय मिळायचं? संपात गेट कुणी बंद केलं?’ असं विचारा. उत्तरं कोंकणीत येतील, ती कोंकणीतच उतरवा आणि मराठी शेजारी द्या. ‘बाब आमकां तोंडार कांय म्हणनासलो’ (बाब आम्हांला तोंडावर काही म्हणत नसे) या वाक्याचं ‘ते आम्हांला कधी रागावत नसत’ केलंत की त्यातली भीती निघून जाते. तारखांसाठी आठवणीवर भिस्त ठेवू नका, पण खुणा विचारा: भारतानं गोव्यावर घातलेल्या आर्थिक नाकेबंदीच्या आधी की नंतर, पूल झाला होता की फेरी होती.

फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा आणि मागची बाजूही करा. स्टुडिओचा शिक्का आणि पेन्सिलीतली तारीख तिथेच असते. वह्या पावसाळ्यात उघडू नका. पानं चिकटलेली असतील तर ओढू नका, पंख्याखाली सुकू द्या. गंजक्या टाचण्या काढायच्या, पण कुठला कागद कुठल्याला टाचला होता ते आधी लिहून. पावती बिलापासून सुटली की दोन्ही मुकी होतात. घरातून नेलेल्या प्रत्येक कागदाची पोच द्या.

मसुदा झाला की घरच्यांना तारखा आणि नावं तपासायला द्या, मजकूर गाळायला नाही; हे पहिल्या बैठकीतच लेखी ठरवून घ्या. हयात माणसांचे पत्ते, खातेक्रमांक, आजारपणं काढून टाका. खटला असेल तर निकालाची प्रत वाचूनच लिहा. दावा फेटाळला आणि दावा मागे घेतला यांत फरक आहे. वहीतल्या शंकेच्या रकान्यात जेवढ्या शंका उरतील, त्या घटना छापील कालपटातून वगळा, आणि वही फेकू नका, ग्रंथालयात ठेवायला द्या.