देवनागरी नावाची पाटी कापताय? लाकूड निवडताना या चुका टाळा

स्क्रोल सॉ, म्हणजे बारीक ब्लेडनं वळणं कापणारी विजेवरची करवत, घरी आला की बहुतेकांच्या मनात पहिलं काम ठरलेलं असतं, दारावरची पाटी. माझंही तेच होतं. घराचं नाव 'सावली', अक्षरं तीनच, म्हणून तासाभराचं काम वाटलं. सागवानाची छान फळी आणली, कापली, पॉलिश पेपर हातात घेतला आणि 'सा'चा काना टपकन गळून पडला. उरलं 'सवली'. फेविकॉल लावून तो बसवला, तर घासता घासता 'ली'ची दांडी निखळली. आधी हाताला दोष दिला, मग ब्लेडला. चूक मात्र वखारीतच झाली होती.

अस्सल लाकूड म्हणजेच चांगली पाटी, हा समज

सरपण फोडताना बघा. लाकडाच्या रेषांच्या, म्हणजे तंतूंच्या दिशेनं घाव घातला की ओंडका उभा फाटतो, आडवा तोडायला घाम निघतो. कापलेल्या अक्षराचंही तसंच आहे. ज्या बारीक भागात रेषा लांबीच्या दिशेनं जाते तो टिकतो, जिथे ती रुंदीच्या दिशेनं जाते तिथून तो तुटतो.

आता आपली लिपी आठवा. शिरोरेषा आडवी, दांड्या उभ्या. रेषा आडव्या ठेवल्या तर शिरोरेषा भक्कम होते, पण काने कच्चे राहतात. स, व, ल यांच्या दांड्यांना निदान अक्षराच्या पोटाचा आधार असतो. काना आणि दीर्घ वेलांटीची दांडी मात्र नुसती शिरोरेषेला लोंबकळत असते. फळी फिरवून रेषा उभ्या केल्या, तर दांड्या वाचतात आणि दोन अक्षरांमधली शिरोरेषा मोडते. म्हणजे अखंड लाकडात कुठेतरी हार ठरलेलीच. रोमन अक्षरं सुटी कापून चिकटवता येतात, आपल्याला सगळं नाव एका शिरोरेषेत हवं असतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: बारीक वळणांच्या देवनागरी पाटीला प्लायवूडच घ्या. त्यातले थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, त्यामुळे कोणत्याही दिशेला थोडी तरी ताकद मिळते. अखंड लाकूडच हवं असेल तर अक्षरं जाड काढा, रेषा आडव्या ठेवा आणि मागे पातळ फळी चिकटवा. मागची फळी वेगळ्या रंगाची असली की पाटी लांबूनही वाचता येते.

'कुठलाही प्लाय द्या' म्हणणं

दुकानात आधी कड बघा. थरांमध्ये काळी फट दिसली तर आत पोकळी असण्याची शक्यता मोठी, आणि ती नेमकी वेलांटीच्या वळणात निघते. सहा एमएमच्या शीटमध्ये तीनच जाड थर असतील, तर तेवढ्याच जाडीत पाच पातळ थरांची शीट मागा. महाग पडते, पण पाटीला लागतो किती? बाहेरच्या दारासाठी आयएस (भारतीय मानक) ७१० चा मरीन प्लाय घ्या. आयएस ३०३ चा एमआर, म्हणजे थोडा ओलावा सोसणारा ग्रेड आतल्या भिंतीला ठीक. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड, लोण्यासारखा कापला जातो, रेषांची कटकटही नाही. पण साधा एमडीएफ पाणी लागलं की फुगतो. कोकणातल्या पडवीत तो एक पावसाळा काढेल याची हमी मी देणार नाही. गणपतीच्या मखराला तो चालतो, तिथेही समई आणि पाण्याचा तांब्या जरा लांब ठेवा. एमडीएफची धूळ फार बारीक असते, मास्कशिवाय कापू नका.

ओलं लाकूड

आंब्याची फळी स्वस्त मिळते, रंगही सुरेख असतो. पण ती बऱ्याचदा पुरती वाळलेली नसते आणि तिला भुंगाही पटकन लागतो. ओलसर फळीत ब्लेड अडकतं, भुसा कणीदार न पडता तंतूतंतू निघतो, आणि महिनाभरात पाटी वाकते. यावर साधा उपाय स्वयंपाकघरातच आहे. कापलेला तुकडा वजनकाट्यावर ठेवा, वजन लिहा, सावलीत हवेशीर जागी ठेवून दर आठवड्याला पुन्हा मोजा. वजन घटायचं थांबलं की कापायला घ्या. पावसाळ्यात कोकणात वाळलेली फळी उन्हाळ्यात सोलापूरला नेली तर तिथेही ती थोडी आकसेल, पण रुंदीत. लांबीत जवळजवळ नाहीच.

मोफत लाकडाचा मोह

पाडलेल्या जुन्या वाड्याचं सागवान मिळालं तर घ्या. ते चांगलं मुरलेलं असतं, फक्त आत मोडके खिळे असतात, म्हणून आधी लोहचुंबक फिरवा. सागातल्या सिलिकामुळे ब्लेडची धार लवकर जाते, दोन-तीन ब्लेड जास्तीची जवळ ठेवा. चिकटवण्याआधी पृष्ठभाग थिनरनं पुसा, कारण त्यातला तेलकटपणा फेविकॉलला धरू देत नाही.

पॅलेटच्या, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटींच्या पाइनबद्दल मी इतका उदार नाही. त्याच्यावरचा शिक्का वाचा. 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन प्रक्रिया केलेलं, 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. दुसरं घरात आणू नका. पाइनमध्ये मऊ आणि कठीण पट्टे आलटून पालटून येतात, ब्लेड मऊ भागाकडे ढळतं आणि कड तिरकी निघते. अशा वेळी लोक सॉचं टेबल सरळ करत बसतात, टेबल सरळच असतं.

कडा काळ्या पडतायत?

दर वेळी लाकूड बदलायची गरज नाही. ब्लेड बोथट झालं असेल, नाहीतर जाडीच्या मानाने दात फार बारीक असतील आणि भुसा बाहेरच पडत नसेल. फळीवर चिकटवलेल्या अक्षरांच्या कागदावर पारदर्शक चिकटपट्टी लावून कापा, डाग बरेच कमी होतात. उलट, खालच्या बाजूला टवके उडत असतील तर दात विरळ आहेत. लाकडाच्या जाडीत एका वेळी निदान तीन दात बसायला हवेत. इंचाला बारा दातांचं ब्लेड असेल तर सहा एमएमला जेमतेम जमतं, तीन एमएमला नाही. तेव्हा तीन एमएमच्या दोन शीट दुहेरी टेपनं जोडून एकदम कापा, शेजाऱ्यांसाठीही पाटी तयार होते.

आणि अनुस्वार असेल तर तो शिरोरेषेपासून सुटाच निघणार. कापल्या कापल्या डबीत टाका. माझ्या एका पाटीचा टिंब भुशाबरोबर झाडला गेला. दुसरा कापला तो वेगळ्या फळीतून, आणि पॉलिश चढल्यावर तो एकटाच पिवळा दिसू लागला. तेव्हापासून पाटी भिंतीवर लागेपर्यंत त्या शीटचा एकही तुकडा मी फेकत नाही.